दुमडीतलं पांढरं

माझ्या रंगभूमीवरच्या पस्तीस वर्षांत मी अकरा वेळा राजा झालो, आणि अकराही वेळा माझा झगा नीळमावशीने धुतला. राजे बदलले, नाटकं बदलली, झगा मात्र तोच होता: पांढऱ्या जाड सुताचा, पायघोळ. प्रयोग संपला की त्याच्या कॉलरवर माझ्या तोंडाचा अर्धा रंग उतरलेला असायचा, काखेत घामाचे नकाशे असायचे आणि शेवटच्या अंकात मला भोसकलेलं असेल तर छातीवर लाल सरबताचा डाग. दुसऱ्या दिवशी दुपारी तो झगा घडी होऊन परत यायचा, दुधासारखा.

एकदा ती मला म्हणाली, "राजे, तुम्ही एकदा मरता आणि मला दिवसभर धुवावं लागतं. जरा कमी रक्त सांडून मरता येत नाही का?"

मी दिग्दर्शकाला तसं सांगितलं. त्या मोसमापासून मी विष पिऊन मरू लागलो.

नाटक कंपनी बंद पडली, झगा कुठे गेला देव जाणे. पण मी मावशीच्या लाँड्रीसमोरच्या खोलीत राहायला आलो आणि तिथेच म्हातारा झालो. तेव्हापासून मी तिला रोज बघत आलो आहे. ठेंगणी, रुंद हाडाची, कोपरापर्यंत बाह्या सरसावलेली. नीळ कालवून कालवून बोटांची टोकं कायमची निळी झाली आहेत, म्हणून नीळमावशी. तिचा नवरा इस्त्री करायचा, म्हणून तो इस्त्रीकाका. दोघांची खरी नावं गल्लीत कुणाला आठवत नाहीत, आणि ती दोघंही एकमेकांना 'अहो' आणि 'अगं' याखेरीज दुसरं काही म्हणत नाहीत.

लाँड्री म्हणजे खाली दोन हौद, एक बॉयलर, मधे लांबलचक टेबल. टेबलाच्या एका टोकाला ती कपड्यांवर पाणी शिंपडायची, दुसऱ्या टोकाला तो इस्त्री फिरवायचा. चाळीस वर्षं हे असंच. मधल्या आठ फुटांत त्यांचा सगळा संसार झाला. भांडणं, समेट, मुलीचं लग्न ठरवणं, सगळं. वर गच्ची आणि गच्चीवर बारा तारा.

आणि गच्चीच्या मागे, आता, चिमणी.

सात वर्षांपूर्वी आमच्या गल्लीमागच्या जुन्या वखारीच्या जागी शहराचा कचरा जाळायची भट्टी आली. कागदावर तिचं नाव फार देखणं होतं. त्यात 'हरित' हा शब्द होता, 'ऊर्जा' होता, 'संकल्प'ही होता. नाव ऐकून वाटावं की इथे फुलं जाळून अत्तर काढणार आहेत.

प्रत्यक्षात आल्या त्या गाड्या. टेकडीवरच्या बंगल्यांतून, मोठ्या हॉटेलांतून, बाजारातून भरभरून आलेल्या, ताडपत्रीखाली फुगलेल्या. त्यांच्या बुडातून काळपट रस ठिबकतो. उन्हात तो आटून चिकट होतो, बुटांच्या तळव्यांना लागून घरात येतो आणि चटईवर मुक्काम करतो. वासाचं काय सांगू? सडकं मांस, जळकं प्लास्टिक आणि कुणीतरी फेकलेली सेंटची बाटली, तिन्ही एका पातेल्यात उकळावीत तसा. हा वास नाकात थांबत नाही, जिभेवर येऊन बसतो. चहाच्या पहिल्या घोटाला तोच. उशीच्या अभ्र्याला तोच. सकाळी नाक शिंकरलं की रुमालावर काळं. मी आयुष्यभर तोंडाचा रंग पुसत आलेला माणूस आहे, पण तो रंग बाहेरून लावलेला असायचा. हे आतून येतं. पहिल्या दिवशी त्या रुमालाकडे बघून मला ओकारी आली होती. सातव्या वर्षी येत नाही, आणि त्याचीच आता जास्त शिसारी येते.

मावशीचा हिशेब वेगळा होता. तिची निम्मी गिऱ्हाइकं टेकडीवरची. त्यांच्या चादरी, अभ्रे, टेबलावरची कापडं खाली येत. भट्टी सुरू झाल्यावर वर्षभरात गाठोड्यांबरोबर चिठ्ठ्याही येऊ लागल्या. 'चादरी पूर्वीसारख्या निघत नाहीत.' 'साबण बदललात का?' एका बाईंनी तर लिहिलं होतं, 'मावशी, आता वय झालं. हात उतरला तुमचा.'

ती चिठ्ठी मावशीने टेबलाच्या कडेला खिळ्याला लावून ठेवली. संध्याकाळी ती गच्चीवर गेली, वाळलेली एक चादर उन्हाकडे धरली आणि तिच्यावर फुंकर मारली. बारीक काळे कण उडाले. मग बोट फिरवलं. काळी रेघ उमटली, चांगली वीतभर.

"बघा राजे," ती मला म्हणाली. मी शेजारच्या गच्चीवर होतो. "धूळ असती तर झटकल्यावर गेली असती. ही काजळी आहे. हिला हात लावायचा नसतो. हात लावला की ती कापडात शिरते, मग सात धुण्यांत नाही निघत. टेकडीवरचे लोक त्यांचा कचरा आपल्याकडे जाळायला पाठवतात आणि चादरी धुवायला पाठवतात. जळलेला कचरा चादरींवर बसतो आणि बोलणी मी खाते."

खालून इस्त्रीकाका ओरडले, "मग चिठ्ठीत तेच लिहून पाठव की." आणि त्यांना जो खोकला लागला तो मी खाली जाऊन पाणी देईपर्यंत थांबला नाही.

काकांचा खोकला हीच त्या घरातली खरी गोष्ट होती. त्यांनी चाळीस वर्षं वाफ प्यायली, छातीला काही झालं नाही. या सात वर्षांत छाती गेली. इस्त्री हातातून सुटली, ते खिडकीपाशी बसू लागले, मग खिडकी बंद करून बसू लागले. फळीवर वाफाऱ्याचं यंत्र आलं. डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आहे हे कसंतरी निभेल. यापेक्षा हवा बिघडली तर यांना इथून हलवा, दुसरा इलाज नाही."

हलवायचं कुठे? लेक तीनशे मैलांवर, तिच्या दोन खोल्यांत. तिथे काका जाऊ शकत होते. हौद, बॉयलर आणि बारा तारा जाऊ शकत नव्हत्या. आणि धुणं थांबलं की औषधं थांबणार. म्हणजे तो तिकडे आणि ती इकडे, सत्तरीत.

अशात एका सकाळी भट्टीच्या भिंतीवर नोटीस लागली. भट्टी चालवणारी कंपनी दुसरी भट्टी बांधणार, पहिलीच्या दुप्पट. कुणाची हरकत असल्यास चाळीस दिवसांनी नगरपालिकेच्या सभागृहात जनसुनावणी. सोबत कंपनीचा अहवाल. मी चष्मा लावून तो मावशीला वाचून दाखवला. दोनशे पानांत आमच्या हवेबद्दल एकच ओळ होती: 'परिसरात रस्त्यावरील धुळीचे प्रमाण अधिक आढळते.'

"धूळ?" मावशी म्हणाली.

"धूळ म्हटलं की रस्तेवाल्यांचं काम," काका खिडकीपाशी बसून म्हणाले. "काजळी म्हटलं की यांचं. धूळ झटकता येते ना, म्हणून धूळ. हात झटकायला सोपं."

गल्लीत एक समिती झाली. तिच्या प्रमुख आमच्या मास्तरीणबाई, पस्तीस वर्षं शाळेत शिस्त लावून निवृत्त झालेल्या आणि अजून न थकलेल्या. हवा मोजायचं यंत्र आणावं तर ते आमच्या आवाक्याबाहेर. तेव्हा मावशीनेच तोड काढली. तिने एक पांढरा तागा फाडून चाळीस चौकोन केले. कडा उसवू नयेत म्हणून चारी बाजूंनी दुहेरी दुमडून टीप घातली. लाँड्रीत कपडे हरवू नयेत म्हणून कोपऱ्यात खुणा करायची एक शाई असते, कापड फाटेल पण ती जात नाही. त्या शाईने प्रत्येक चौकोनावर घर क्रमांक आणि तारीख घातली. चाळीस घरं, चाळीस गच्च्या किंवा खिडक्या. तीस दिवस टांगायचे आणि सुनावणीला घेऊन यायचे. यंत्र नसेल तर नसेल, कापड तर खोटं बोलत नाही.

इकडे कंपनीही स्वस्थ नव्हती. त्यांनी एक माणूस पाठवला, त्याचं नाव गल्लीने पहिल्याच दिवशी गोडबोल्या ठेवलं. परीटघडीचा शर्ट, गालावर सदैव अर्धं हसू, आणि समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. त्याने घरोघरी एकेक कुंडी वाटली, रोपाच्या गळ्यात कंपनीच्या नावाची पट्टी. नाकाला बांधायची फडकी वाटली, त्यांवरही कंपनीचं नाव. म्हणजे ज्याने नाकात घाण घालायची त्यानेच नाकावर आपली जाहिरात लावायची.

लाँड्रीत येऊन तो म्हणाला, "ताई, आम्ही तुम्हाला कपडे वाळवायचं यंत्र देऊ. गच्चीवर जायलाच नको."

"ताई माझी वारली," मावशी म्हणाली. "मला मावशी म्हणतात. आणि यंत्रात यांना बसवता येईल का? कपडे वाळतील, पण यांना श्वास घ्यायला हीच हवा लागते."

गोडबोल्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काका त्याच्या बोटांकडे पाहत राहिले. "हात स्वच्छ आहेत हो तुमचे," ते म्हणाले. "इकडे फारसे येत नाही वाटतं."

मग कंपनीने 'श्वासोत्सव' भरवला. मंडप, ध्वनिक्षेपक, लहान मुलांकडून दीर्घ श्वसन. त्या मंडपापासून चिमणी दोनशे पावलांवर. मुलं छाती भरभरून ते विष आत घेत होती आणि समोर बसलेले लोक टाळ्या वाजवत होते. आणि सांगायला लाज वाटते, व्यासपीठावर 'स्वच्छ श्वासाची शपथ' वाचणारा आवाज माझा होता. पंधरा वर्षांत कुणी मला ध्वनिक्षेपकासमोर बोलावलं नव्हतं. गोडबोल्याने बोलावलं आणि मी शेपूट हलवत गेलो.

मी घरी आलो तेव्हा मावशी दारात उभी होती. "आवाज छान लागला," ती म्हणाली. "मजकूर नासका होता."

त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, मला काहीतरी काम दे. तिने मला चाळीस घरांचा फेरा दिला: दर दोन दिवसांनी जायचं, कापडं टांगलेली आहेत ना, कुणी काढून खिडकी पुसत नाही ना, ते बघायचं. मी ते इमानाने केलं. तीस दिवसांत ती कापडं पांढऱ्याची राखाडी झाली, राखाडीची काळपट, आणि भट्टीच्या बाजूच्या घरांवरची तर चूल पुसलेल्या ओल्या फडक्यासारखी. मला आनंद होत होता. घाणीने आनंद व्हावा अशी वेळ माणसावर येऊ नये.

सुनावणी दुपारी तीनला होती. दोन वाजता सगळ्यांनी कापडं घेऊन लाँड्रीत जमायचं ठरलं होतं. मावशीने लांब टेबल मोकळं केलं होतं. मास्तरीणबाई सगळ्यांत आधी आल्या, पिशवीतून आपलं कापड काढलं आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं.

ते धुतलेलं होतं. धुतलेलं, नीळ दिलेलं, इस्त्री केलेलं.

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. "बाई, हे काय?"

"अहो, काल रात्री काढलं तर इतकं घाण झालं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "असं न्यायचं का साहेबांपुढे? कोपऱ्यात आपला घर क्रमांक आहे. म्हणतील, या घरात धुणं होतं की नाही? मी सकाळी सगळ्यांकडे निरोप पाठवला, नीट स्वच्छ करून आणा म्हणून."

"सगळ्यांकडे?"

"सगळ्यांकडे. चाळीसच्या चाळीस." त्यांना अजून कळलं नव्हतं.

मागून बाकीच्या बाया आल्या. एकेक कापड टेबलावर पडू लागलं, घडीवर घडी. कुणी ब्लीचमध्ये भिजवलेलं, कुणी उकळलेलं. एका सकाळीत सगळ्या गल्लीने पुरावा घासून, खळखळून गटारात सोडला होता. एकीने तर अभिमानाने सांगितलं, "तीन पाणी काढलं. काय काळं पाणी निघालं, मावशी, बघवत नव्हतं."

मी खुर्चीवर बसलो. आमच्या नाटकांत एक नियम होता: खलनायकाने केलेलं नुकसान तिसऱ्या अंकात भरून निघतं, पण आपल्याच माणसाने भाबडेपणाने केलेलं नाही. माझ्या मनात गल्लीबद्दल जे आलं ते इथे लिहीत नाही. सात वर्षं काळं थुंकत जगणारी माणसं, आणि त्यांना लाज कशाची, तर कापड मळलं याची. ज्याने मळवलं त्याला नाही.

मास्तरीणबाईंच्या तोंडाचा रंग उडाला. त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, मी घात केला का हो?"

मावशीने एक कापड उचललं, खिडकीपाशी नेलं, काकांच्या खांद्यावरून उजेडात धरलं. कोपऱ्यापासून बोटांनी कड चाचपत गेली. काका तिच्याकडे बघत होते. चाळीस वर्षांच्या सहवासात काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत, ते एवढंच म्हणाले, "उसवायची बारीक कात्री खणात आहे. डावीकडच्या."

सभागृहात पुढे टेबल, त्यामागे सुनावणीचे साहेब, शेजारी टिपणं घेणारा कारकून, एका बाजूला गोडबोल्या आणि त्याचे दोन इंजिनिअर. खोली थंड केलेली होती. खिडक्या बंद, आत फुलांचा कृत्रिम सुवास फवारलेला. त्या सुवासाखालून आमच्या कपड्यांचा वास येत होता आणि साहेब मधूनमधून नाकाशी रुमाल नेत होते. आमचीच हवा आम्ही अंगावर लेवून आलो होतो, आणि किळस त्यांना येत होती.

मास्तरीणबाईंनी कागद वाचला. मग साहेबांनी पुरावा मागितला. मावशीने चाळीस कापडांची चळत टेबलावर ठेवली.

साहेबांनी वरचं उलगडलं. "हे तर स्वच्छ आहे."

गोडबोल्या हसला. इतकं मनापासून हसताना मी त्याला प्रथमच पाहिलं. "साहेब, तीस दिवस बाहेर टांगलेली कापडं. याहून मोठं प्रमाणपत्र आम्हालाही देता आलं नसतं."

"ती धुतलीत," मावशी म्हणाली.

"का?"

"बायांना लाज वाटली. मळकं कापड परक्या माणसापुढे कसं न्यायचं म्हणून."

इंजिनिअर हसले. साहेबही गालात हसले, कारकुनाकडे वळून म्हणाले, "लिहा, पुरावा..."

"थांबा," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही. ओल्या कापडासारखा जड आवाज आहे तिचा, खोलीत कुठेही पडला तरी तिथेच राहतो. "साहेब, धुतल्यावर जाते ती धूळ. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे धुतलंय, एका घरात नाही, चाळीस घरांत. ब्लीचमध्ये, उकळून, जशी ज्याची रीत. आता बघा."

तिने कापड हातात घेतलं आणि कडेच्या टिपेत कात्रीचं टोक घातलं. टीप तटतट सुटत गेली. दुहेरी दुमड तिने अंगठ्याने उघडली आणि कापड साहेबांपुढे सपाट केलं.

आता ते स्वच्छ दिसत नव्हतं. चारी बाजूंनी बोटभर रुंदीची पांढरी पट्टी होती, ताज्या दुधाची. आणि मधला सगळा चौकोन, जो एका मिनिटापूर्वी आम्हा सगळ्यांना पांढरा वाटत होता, तो राखेचा होता. मेलेल्या माणसाच्या नखासारखा.

मावशीने दुसरं उसवलं. मग तिसरं. मास्तरीणबाई पुढे झाल्या, पर्समधून सुई काढून चौथं त्या उसवू लागल्या. मग सगळ्याच बाया. टेबलभर पांढऱ्या चौकटी आणि आत राख.

गोडबोल्या सावरला. "कापड स्वस्तातलं असेल. आपोआप पिवळं पडतं."

"दुमडीतलंही त्याच ताग्यातलं आहे. ते का नाही पडलं?"

"पाणी खराब असेल तुमच्याकडचं. धुण्यामुळेच..."

"पाणी दुमडीतही जातं," मावशी म्हणाली. "पाणी सगळीकडे जातं. दुमडीत जात नाही ती हवा. जे हवेतून येतं तेवढंच वर बसतं, आणि बसून जे धुण्याने निघत नाही त्याला माझ्या धंद्यात एकच नाव आहे."

साहेबांनी चष्मा काढला, परत लावला. एका कापडाच्या मध्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि पांढऱ्या पट्टीपाशी थांबले. बराच वेळ त्यांचं बोट त्या सीमेवर होतं.

कारकुनाने विचारलं, "काय लिहू, साहेब? धूळसदृश कण लिहू?"

'सदृश.' काय शब्द आहे. मेलेल्याला झोपसदृश म्हणावं तसा.

मावशी टेबलाला वळसा घालून कारकुनाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "बाळा, घरी तुझी आई चुलीवरून पातेलं उतरवते, त्याच्या बुडाला काय असतं?"

कारकून पन्नाशीचा होता. "काजळी," तो म्हणाला.

"मग तेच लिही. आईला विचारून लिहिलं असं सांग कुणी विचारलं तर."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "लिहा."

महिन्याभराने निकाल आला. दुसऱ्या भट्टीला आमच्या गल्लीत परवानगी नाही. पहिली मात्र चालू राहील, 'योग्य त्या सुधारणांसह.' गल्लीत गोड वाटलं. काकांनी निकाल दोनदा वाचून घेतला. "म्हणजे निम्मंच मरायचं," ते म्हणाले. "चालेल. निम्मं तर निम्मं, टेबलाच्या याच टोकाला." त्या दिवशी त्यांनी हट्टाने इस्त्री मागून घेतली आणि दोन अभ्र्यांवर फिरवली. मावशी समोरच्या टोकाला पाणी शिंपडत होती. लेकीला त्यांनी कळवलं की येत नाही.

इथे मी पडदा पाडला असता. जुन्या नाटक कंपनीत हाच शेवट झाला असता आणि प्रेक्षक रुमाल डोळ्यांना लावून घरी गेले असते.

पण आठवड्याभरात टेकडीवरच्या बायकांच्या मंडळाचं पत्र आलं. 'हात उतरला' लिहिणाऱ्या त्याच बाई अध्यक्ष. मावशीचा सत्कार करायचा आहे. पत्रात शेवटी आनंदाची बातमी म्हणून एक वाक्य होतं: आता शहराच्या कचऱ्याचा प्रश्नही सुटला, कारण दुसरी भट्टी नदीपलीकडे, चामड्याच्या कारखान्यांमागच्या मोकळ्या जागेवर होणार आहे.

मोकळी जागा. तिथे सहाशे घरं आहेत. मी नाटकाच्या दौऱ्यात तिथे मुक्काम केलेला आहे. पत्र्याची घरं, एकाला एक चिकटलेली, आणि कारखान्यांच्या नाल्याचा वास असा की पहिल्या अंकात संवाद म्हणायला तोंड उघडवत नव्हतं. त्या लोकांना मोकळी जागा म्हणतात. कारण ते हरकत घेणार नाहीत. कारण त्यांना वासाची सवय आहे. कुणीतरी थंड खोलीत बसून नकाशावर बोट ठेवून हे म्हटलं असेल, आणि मग चहा मागवला असेल.

मावशीने पत्र वाचून घेतलं आणि परत पाकिटात घातलं.

"सत्काराला जाणार का?" मी विचारलं.

"जाईन की. त्यांना सांगते, बाई, आपला कचरा आपल्याच अंगणात पेटवा आणि मग मला बोलवा. चादरी फुकट धुवून देते." पण ती हसली नव्हती. "राजे, आपण घाण हटवली नाही हो. ढकलली. शेजाऱ्याच्या दारात केर लोटावा तशी."

काका म्हणाले, "तू काय करणार त्याला?"

"करायचं काय? तागा आणायचा."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं नदीपलीकडे गेलो: मावशी, मास्तरीणबाई आणि ताग्याचं ओझं धरून मी. नाल्याच्या काठाने चालताना मास्तरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. मावशीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी रुमाल खाली घेतला. पाणी निळसर-काळं होतं, त्यावर फेसाची साय, त्या सायीत केसांचे पुंजके आणि एक मेलेली घूस तरंगत होती, फुगून दुप्पट झालेली. तिच्या शेजारी काठावर एक बाई भांडी घासत होती, कारण नळ तिथेच होता.

घासता घासता तिने वर पाहिलं. "कोण पाहिजे?"

मावशीने सांगितलं, कुठून आलो आणि कशासाठी. भट्टी, सुनावणी, कापडं. बाई ऐकत होती, पण हात थांबला नव्हता.

"तुमच्याकडची भट्टी बंद झाली?"

"दुसरी येणार होती, ती थांबली."

"तीच इकडे येतेय?"

"तीच."

बाईने पातेलं उपडं केलं आणि उभी राहिली. आजूबाजूच्या दारांतून चारपाच जणी डोकावू लागल्या होत्या. "म्हणजे तुम्ही ती आमच्या अंगावर घातलीत," ती म्हणाली. "आणि आता फडकी घेऊन शिकवायला आलात. बरं चाललंय तुमचं."

मास्तरीणबाई काहीतरी समजावायला पुढे झाल्या. मावशीने त्यांना हाताने मागे केलं.

"घातली नाही," ती म्हणाली. "पण हाकलताना ती कुठे जाईल हे बघितलं नाही. ते माझं चुकलं. शिव्या घालायच्या असतील तर घाला, मी ऐकून घेते. पण शिव्या घालता घालता एक काम करा, कापड टांगायला एक खिळा दाखवा. शिव्या साहेबांच्या कागदावर चढत नाहीत."

बाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्या निळ्या बोटांकडे जरा जास्त वेळ. मग ती दाराकडे वळून कुणाला तरी म्हणाली, "बसा म्हणावं यांना. आधी माझं बोलून होऊ दे." आणि तिने बोलायला सुरुवात केली. चांगला अर्धा तास बोलली. त्यातला एकही शब्द छापण्यासारखा नव्हता आणि एकही खोटा नव्हता. मावशी उकिडवी बसून सगळं ऐकत होती, आणि मांडीवर ताग्याचं टोक धरून कडा दुमडत होती.